‘काउंटडाउन’सारखा अक्षरं-आकड्यांचा खेळ मराठीत खेळता येईल का? स्पर्धा भरवायची आहे.

येईल. आम्ही कोथरूडमध्ये सोसायटीच्या हॉलमध्ये दर डिसेंबरात एका रविवारी भरवतो. वीस-बावीस जण येतात, विजेत्याला बाकरवडीचा पुडा. मूळ ब्रिटिश टीव्ही कार्यक्रम 1982 पासून चालू आहे आणि तोही एका फ्रेंच खेळावरून घेतलेला, तेव्हा आपण उचलायला संकोच नको.

आकड्यांची फेरी जशीच्या तशी घ्या. 25, 50, 75, 100 हे मोठे पत्ते एकेक, 1 ते 10 प्रत्येकी दोन. सहा पत्ते उचलायचे, त्यांची बेरीज-वजाबाकी-गुणाकार-भागाकार करून तीन अंकी लक्ष्य गाठायचं, 30 सेकंदांत. प्रत्येक पत्ता फार तर एकदा, अपूर्णांक नाही. अचूक उत्तराला 10 गुण, पाचच्या आत चुकलं तर 7, दहाच्या आत 5. तिकडे 1997 साली एकाने 25, 50, 75, 100, 3, 6 वरून 952 काढलं होतं: 100 अधिक 6 म्हणजे 106, गुणिले 3, गुणिले 75, वजा 50, भागिले 25. करून बघा. आमच्याकडचे एक आजोबा मात्र कागदाला हातच लावत नाहीत. लक्ष्य 975 होतं, पत्त्यांत 75, 9 आणि 4. बाकीचे खरडत बसले होते, हे म्हणाले, “तेरा पाऊणकी पावणेदहा, झालं की!” (9 अधिक 4 तेरा, तेराची पाऊणपट पावणेदहा, म्हणून 13 गुणिले 75 म्हणजे 975.) शाळेत पावकी-निमकी (पाव-अर्ध्याचे पाढे) घोकलेल्यांना हा खेळ फुकटात येतो.

खरी डोकेदुखी अक्षरांची. या फेरीत मांडलेल्या अक्षरांतून जमेल तितका लांब शब्द करायचा. इंग्रजीत नऊ अक्षरं मांडली की संपलं. आपल्याकडे काना-मात्रा-वेलांटीचं काय करणार? पहिल्या वर्षी आम्ही त्यांचेही पत्ते केले आणि तासाभरात फेकून दिले, कारण हातात पाच वेलांट्या आणि दोन व्यंजनं अशी वेळ यायची. आता पत्ते फक्त व्यंजनांचे, शिवाय कोणत्याही स्वराच्या जागी चालणारे तीन-चार ‘अ’. काना, मात्रा, अनुस्वार फुकट. जोडाक्षर म्हणजे दोन व्यंजनं. गुण व्यंजनांचे. उदाहरणार्थ प, र, व, र, त, न, क, स, म यातून ‘परिवर्तन’ काढलं तर 6, कारण रफारसुद्धा एक र खातो. यावर एक काकू ‘परिवर्तनास’ म्हणून सातवा गुण मागत होत्या. त्या दिवसापासून विभक्तीचे प्रत्यय बंद. र आणि त जास्त ठेवा, ङ-ञ काढूनच टाका, ळ एक पुरे.

कोश कोणता, ते आधी जाहीर करा. दाते-कर्व्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ ठेवलात तर कुणी ऐकले नाहीत असे शब्द निघतात आणि ते पाठ करून येणारे एक-दोन जण आहेतच. आम्ही तोच ठेवलाय. भांडण निदान पानावर तरी संपतं.

टेबल तिघांचं लावा: दोघं खेळतात, तिसरा पत्ते काढतो आणि घड्याळ बघतो, मग पाळी बदलते. कोणी रिकामं बसत नाही. मात्र शब्दांच्या वादात निकाल देणाऱ्याला खेळू देऊ नका. पहिल्या वर्षी मी दोन्ही केलं, स्वतःचाच एक शब्द स्वतःच मान्य केला आणि त्या गुणांवर जिंकलो. बाकरवडी सगळ्यांनी खाल्ली, पण पार्किंगमध्ये भेटलं की अजून ऐकवतात.