मुलांना चित्रांतून आपल्या वस्तीतली विविधता कशी दाखवावी?

तुम्ही लिहिलंय की गल्लीत तीन-चार भाषा बोलल्या जातात, शाळेने मुलीला ‘विविधतेत एकता’वर चित्र काढायला सांगितलंय आणि सुरुवात कुठून करावी ते कळत नाही. फेटा, टोपी, पगडी आणि क्रॉस घातलेली चार मुलं हात धरून उभी आहेत, ते चित्र तेवढं काढू देऊ नका. बाकी काहीही चालेल.

मी सोलापूरच्या पूर्व भागात चित्रकला शिकवायचे. बहुतेक वस्ती पद्मशाली या तेलुगू विणकर समाजाची. घरात तेलुगू, बाजारात मराठी, आसपास कन्नड आणि उर्दू. तिथल्या मुलांनाही ‘विविधता काढा’ म्हटलं की तीच चार मुलं यायची, कारण बक्षिसं त्यांनाच मिळतात हे त्यांना ठाऊक. म्हणून वर्गाला सांगितलं, शेजारच्या घरी जाऊन बसा, तिथे हातांनी जे काम चालतं ते बघा आणि काढा.

एक मुस्लिम मुलगी समोरच्या तेलुगू आजींकडे मुग्गु, म्हणजे त्यांची ठिपक्यांची रांगोळी, शिकायला गेली. मेंदीच्या कोनावर हात बसलेला, त्यामुळे वळणं सुरेख यायची, पण रेघ ठिपक्यांवरून जायची. आजींनी तिची बोटं धरून रेघ प्रत्येक ठिपक्याला वळसा घालत नेली आणि जिथून निघाली तिथेच आणून मिळवली. मुलीने चित्र काढलं ते त्याच दाराचं: अर्धा झालेला मुग्गु, पांढरी पूड लागलेला सुरकुतलेला हात, कडेला विड्या वळायचं सूप.

स्पर्धेचे परीक्षक म्हणाले, “चित्र छान आहे, पण यात विविधता कुठाय? हे तर एकाच घरचं.” बक्षीस अर्थातच चार मुलांच्या चित्राला. मी तेव्हा भांडले, आजही भांडेन. काढणारी कोण आणि हात कुणाचा, एवढं विचारलं असतं तरी पुरे होतं. डोक्यावर काय घातलंय त्यावरून माणूस ओळखायला आपण मुलांना शिकवतो आणि वर त्याला एकता म्हणतो, याचा मला संताप येतो.

तुमच्या मुलीलाही असंच कुणाकडे तरी पाठवा. सोलापुरी चादरीची नक्षी पारंपरिक पद्धतीत आधी चौकटीच्या कागदावर एकेक चौकोन रंगवून उतरते, तसं चौकटीच्या वहीत तिला करता येईल. सणांची चित्रं जरूर काढू द्या. आमच्याकडे नवरात्राच्या सुमारास फुलांचे थर रचून बतुकम्मा हा तेलुगू बायकांचा सण होतो, संक्रांतीला ग्रामदैवत सिद्धेश्वराचे 7 नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, मिरवणुकीने निघतात. पण शेजारी एरवी दुपारी काय करतात, ते तिने पाहिलेलं जास्त बरं.

हो, आधी त्या घरी विचारा. फोटो काढून आणून त्यावरून चित्र नको. काही मुस्लिम घरांत माणसांची, प्राण्यांची चित्रं काढलेली आवडत नाहीत; तिथे जाळी, वेलबुट्टी, अक्षरं भरपूर असतात. आणि शाळेत गुण कमी पडले तर शिक्षकांना जाऊन कारण विचारा, मात्र मुलीसमोर नको.