बाबांचं डोकं रोज दुपारनंतर दुखतं. हे टेन्शनमुळे की अर्धशिशी?

तुम्ही लिहिलंय, बाबा ४५ वर्षांचे आहेत, शेती करतात, कर्जाच्या हप्त्याची काळजी लागल्यापासून दुपारनंतर डोकं फडक्यानं करकचून बांधल्यासारखं दुखतं, आणि चार महिन्यांपासून ते रोज मेडिकलमधून गोळी आणून खातात. मला त्या रोजच्या गोळीची जास्त काळजी वाटते.

दोन्हीकडून आवळतं, ठणकत नाही, उलटी नाही, चालल्या-फिरल्यानं वाढत नाही, तर बहुधा ताणाची डोकेदुखी. अर्धशिशी बहुतेकदा एका बाजूनं ठणकते, मळमळतं, उजेड-आवाज सोसत नाही. औषधाविना ४ ते ७२ तास राहते. पुष्कळांना ती ताण ओसरल्यावर गाठते, म्हणजे कापूस विकून निवांत झालं की दुसऱ्या दिवशी.

काळजीनं मान, खांदे, जबडा नकळत आखडतात, झोप मोडते, आणि झोप मोडली की तेवढंच दुखणं जास्त जाणवतं. त्यात १६ लिटरचा फवारणीचा पंप पाठीवर. तेव्हा ‘मनाचे खेळ’ म्हणून त्यांना गप्प करू नका, दुखणं खरं आहे.

आता गोळी. साधी वेदनाशामक महिन्यात १५ दिवस किंवा जास्त, मिश्र औषधांची (एकाच गोळीत दोन-तीन औषधं असलेली) १० दिवस किंवा जास्त, असं तीन महिन्यांवर चाललं की गोळीच डोकेदुखी टिकवून धरते. असर उतरला की डोकं पुन्हा धरतं, मग पुन्हा गोळी. ती थांबवल्यावर साधारण २ ते १० दिवस दुखणं वाढतं आणि तिथंच लोक हरतात. म्हणून गोळ्यांचं पाकीट घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, बीपी मोजून घ्या, आणि कशी थांबवायची ते डॉक्टरांना विचारा. पुढेही आठवड्यात दोन दिवसांपेक्षा जास्त गोळी नको.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर महिनाभर लिहा: कधी दुखलं, किती वेळ, गोळी घेतली का, झोप किती. रोज दोनदा खांदे कानांकडे उचलून पाच सेकंद धरायचे, सोडायचे, दहा वेळा. मानेला कोमट शेक. उपाशीपोटी वावरात जाऊ नये, पाणी सोबत ठेवावं. चहा खूप असेल तर हळूहळू कमी करा, एकदम तोडला तरी डोकं दुखतं.

फवारणीनंतर डोकेदुखीसोबत घाम, लाळ, उलटी, अंधूक दिसणं सुरू झालं तर ती विषबाधा समजा. तुम्ही हातमोजे घालून त्यांचे कपडे काढा, अंग साबणानं धुवा आणि फवारणीच्या औषधाच्या डब्यावरचं लेबल घेऊन थेट दवाखाना गाठा.

एकाएकी आयुष्यात कधी नव्हतं इतकं दुखणं, ताप आणि ताठलेली मान, हातापायातली ताकद जाणं, बोलणं अडखळणं, डोक्याला मार लागल्यावर वाढत जाणारं दुखणं, यातलं काही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका.

झोप उडाली असेल, जगणं नको वाटतं असं ते बोलत असतील, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर आजच फोन करा. रात्रंदिवस चालू असतो, मोफत आहे, मराठीतही बोलतात. फोन लावून बाबांच्या हातात द्या, पण त्यांना एकटं सोडू नका, जवळच बसा.