मोठ्या कंपनीत वर्षभराची ॲप्रेंटिसशिप करावी का, आणि केली तर काय शिकावं?

तुमचा प्रश्न असा: जळगावातून मेकॅनिकल बी.ई. झालंय, चाकणच्या मोठ्या कंपनीकडून वर्षभराच्या ॲप्रेंटिसशिपचं बोलावणं आहे, पैसे कमी आहेत, पर्मनंट करतील याची खात्री नाही. जावं का, आणि गेलो तर पदरात काय पडेल?

जा. पण आधी एचआरला विचारून घ्या, वर्षात कुठल्या डिपार्टमेंटला किती महिने? "जिथे गरज असेल तिथे" असं उत्तर आलं, तर बहुतेक वेळा वर्षभर एकाच असेंब्ली स्टेशनवर बोल्ट टाईट करावे लागतात आणि शेवटी हातात फक्त कागद उरतो. मशीन शॉप, क्वालिटी, मेंटेनन्स यांपैकी दोन ठिकाणी तीन-तीन महिने मिळणार असतील, तर कुठल्याही सॉफ्टवेअर कोर्सपेक्षा हे वर्ष सरस, असं माझं स्पष्ट मत आहे.

ही ॲप्रेंटिसशिप १९६१ च्या कायद्याखालची आहे का, तेही तपासा. पदवी आणि डिप्लोमावाल्यांचा करार नॅट्स, म्हणजे केंद्र सरकारच्या ॲप्रेंटिसशिप योजनेच्या, पोर्टलवर नोंदवला जातो. महाराष्ट्राचं काम मुंबईचं बोट, म्हणजे ॲप्रेंटिसशिप ट्रेनिंग बोर्ड, बघतं. पोर्टलवर करार नाही आणि हातात नुसतं एजन्सीच्या लेटरहेडवरचं 'ट्रेनी'चं पत्र आहे, तर बोटचं प्रमाणपत्र मिळणार नाही. नोंदणीसाठी कोणी पैसे मागितले तर तिथूनच परत फिरा. आणखी एक: नॅट्सखाली एकदा ॲप्रेंटिसशिप झाली की पुन्हा करता येत नाही, म्हणून पहिली आलेली ऑफर डोळे मिटून धरू नका. घराजवळ राहायचं असेल तर दीपनगरचं वीज केंद्र, भुसावळ-वरणगावच्या आयुध निर्माण्या, जळगावचे पाईप आणि ठिबकचे कारखाने यांच्या जागा पोर्टलवर बघत राहा.

पैशाचं थोडक्यात. २०१९ च्या नियमांत पदवीधराला महिना किमान ९,००० आणि डिप्लोमाला ८,००० रुपये ठरले होते. तुम्ही मात्र करारात लिहिलेला आकडाच खरा धरा. त्यातून कॅन्टीन आणि बसचे पैसे कापतात का, ते विचारा. चाकणला कॉट बेसिसवर राहायचं तर हाच फरक महिनाअखेरीला जाणवतो. या स्टायपेंडमधला सरकारचा वाटा थेट खात्यात येतो, त्यासाठी खातं आधारशी जोडलेलं हवं. आपल्याकडे मार्कशीटवर आडनाव आधी आणि आधारवर शेवटी असतं. त्या फरकावर नोंदणी अडकते, तेव्हा नाव आधीच दुरुस्त करून ठेवा.

कायद्याच्या नजरेत तुम्ही कामगार नाही, प्रशिक्षणार्थी आहात. पीएफ कापला जात नाही. नोकरी द्यायचं बंधन कंपनीवर नाही. पण कारखान्यांसाठीच्या सुरक्षा आणि आरोग्याच्या कायदेशीर तरतुदी तुम्हाला लागू आहेत, कामावर दुखापत झाली तर भरपाईची जबाबदारी कंपनीची, आणि ॲप्रेंटिसशिप सल्लागाराच्या, म्हणजे या कायद्याखालच्या सरकारी अधिकाऱ्याच्या, मंजुरीशिवाय ओव्हरटाईम लावता येत नाही.

आता शॉप फ्लोअर. सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या) लेथवर २५ मि.मी.चा बोअर, म्हणजे भोक, एच७ या मापाच्या मर्यादेत काढायचा आहे असं धरा, म्हणजे २५.००० ते २५.०२१ मि.मी. सगळा खेळ २१ मायक्रॉनचा (हजार मायक्रॉन म्हणजे एक मि.मी.). इन्सर्ट, म्हणजे हत्याराची बदलता येणारी कापणारी पट्टी, झिजत जाते तसा बोअर लहान होत जातो. ऑपरेटर दर काही जॉबनंतर (जॉब म्हणजे मशीनवर बनणारा भाग) बोअर गेजने भोक मोजतो आणि मशीनला वेअर ऑफसेट, म्हणजे झिजेपुरती दुरुस्ती, देतो. इथे तीन गोष्टी बिघडतात.

एक, जॉब गरम असतानाच मोजला जातो. पोलाद दर अंशाला मीटरमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं. जॉब गेजपेक्षा १५ अंशांनी गरम असेल तर २५ मि.मी.ला चार मायक्रॉनहून थोडा जास्त फरक. गरम असताना पास झालेला बोअर थंड झाल्यावर लहान भरतो, भोक तपासायच्या प्लग गेजची गो बाजू, जी आत जायलाच हवी, ती जात नाही. ॲल्युमिनियम जवळपास दुप्पट वाढतं, त्यामुळे पोलादी मास्टर रिंग (गेज जिच्यावर सेट करतात ती) आणि ॲल्युमिनियमचा जॉब दोन्ही ४० अंशांवर असले तरी सहा मायक्रॉनच्या आसपास खोटं माप येतं. मोजमापाचं प्रमाण तापमान २० अंश आहे. आपल्या मे महिन्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये हे विसरून चालत नाही. जॉब आणि मास्टर रिंग एकाच सरफेस प्लेटवर शेजारी ठेवून थंड होऊ द्या, मग गेजचा झिरो सेट करा.

दोन, ऑफसेट देताना चुकीचं बटण. फानुक कंपनीच्या सीएनसी कंट्रोलवर 'इनपुट' दाबलं तर जुना आकडा पुसून नवा बसतो, 'प्लस इनपुट' दाबलं तर त्यात मिळवला जातो. वेअरमध्ये आधी ०.०४० साठलेलं असताना ०.०१० साठी नुसतं 'इनपुट' दाबलं, तर बोअर वाढायच्या ऐवजी ३० मायक्रॉनने लहान येतो. दशांश चिन्ह विसरलं तर मशीनच्या सेटिंगप्रमाणे १० मायक्रॉनचे १० मि.मी. होऊ शकतात. म्हणून ऑपरेटर किंवा सेटर शेजारी असल्याशिवाय कीपॅडला हात लावू नका. बघा, वेळ आणि आकडे वहीत लिहा.

तीन, कूलंट, म्हणजे कापताना सोडायचं तेल-पाण्याचं मिश्रण. उन्हाळ्यात पाणी उडतं, तेल राहतं, कॉन्सन्ट्रेशन चढतं. साधारण पाच ते आठ टक्के ठेवतात. टाकी भरताना नुसतं पाणी ओतू नका आणि ठरलेलं पूर्ण मिश्रणही नको; एक-दोन टक्क्यांचं पातळ मिश्रण घाला आणि रिफ्रॅक्टोमीटरने, म्हणजे कॉन्सन्ट्रेशन मोजायच्या उपकरणाने, तपासा. रीडिंगला तेलाच्या कंपनीने दिलेल्या फॅक्टरने गुणायचं असतं, ही पायरी बरेच जण गाळतात.

शंभर जॉबचे बोअर क्रमाने लिहून ग्राफ काढलात, तर इन्सर्ट किती जॉबनंतर बदलायची हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. इंटरव्ह्यूत "तुम्ही काय केलं?" याला हा एक ग्राफ पुरेसा आहे. त्याच्या जोडीला त्या जॉबचा कंट्रोल प्लॅन (काय, कधी, कसं तपासायचं याचा तक्ता) आणि पीएफएमईए (प्रक्रियेत काय बिघडू शकतं याची यादी) मागून वाचा. कागदावर लिहिलेली तपासणी लाईनवर खरंच होते का, ते ताडून बघा.

लेथजवळ हातमोजे, अंगठी, कडं, सैल बाही नको. चिप्स हुकनेच काढा. मेंटेनन्सला असाल तर पॅनेलला स्वतःचं कुलूप आणि टॅग लावल्याशिवाय मशीनमध्ये हात घालू नका, मग सुपरवायझर कितीही घाई करो.

कुणी आयटीआयवाला मित्र विचारत असेल, तर त्याचा रस्ता वेगळा आहे. रेल्वेत ॲप्रेंटिसशिप पूर्ण करून एनएसी (राष्ट्रीय ॲप्रेंटिसशिप प्रमाणपत्र) मिळवलेल्यांना लेव्हल १ च्या, म्हणजे सगळ्यात खालच्या श्रेणीच्या, थेट भरतीत २० टक्के जागा राखीव असतात, तेव्हा भुसावळची रेल्वेची जाहिरात त्याने चुकवू नये.

शेवटच्या महिन्यात प्रोग्रेस रिपोर्टवर सगळ्या सह्या आहेत का बघा, आणि ट्रेनिंग पूर्ण झाल्याची नोंद कंपनीने पोर्टलवर केल्याशिवाय गेटपास परत देऊ नका. एचआरमधला माणूस बदलला की ही नोंद महिनोन्‌महिने रखडते, आणि जळगावात बसून चाकणला फोन करून ती होत नाही.