ब्रेक नवे आहेत, तरी पावसात गाडी का घसरते?

तुम्ही लिहिलंय की महिन्यापूर्वीच ब्रेक शू बदलले, तरी वळवाच्या पहिल्या सरीत वळणावर ब्रेक दाबला आणि गाडी आडवी झाली. मेकॅनिकनं फसवलं का? मला तसं वाटत नाही. ब्रेक फक्त चाक थांबवतो. गाडी थांबते ती टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणानं, आणि त्या दिवशी कमी पडलं ते हे घर्षण.

मी कोल्हापूरचा, शिरोली एमआयडीसीत लेथवर काम करतो, रोज बाईकनं जातो. पण घर्षण मला पहिल्यांदा कळलं ते तालमीत. अंग घामानं भिजलं की समोरच्याच्या मानेवरून हात निसटतो, कितीही ताकद लावा. वस्ताद ओरडायचे, "माती लाव!" हौद्यातली तांबडी माती मुठीत घेऊन खांद्यावर, मानेवर चोळली की माती घाम ओढून घेते आणि हात बसतो. ताकद तेवढीच, फरक मधल्या थराचा.

रस्त्यावर नेमकं उलटं होतं. उन्हाळाभर सांडलेलं ऑइल, डिझेल, टायरचं झिजलेलं रबर आणि धूळ डांबरावर बसलेली असते. पहिली सर आली की त्याचा तेलकट राडा होतो. चांगला तासभर पाऊस झाला की तो बराच धुऊन जातो, म्हणून मी सुरुवातीच्या भुरभुरीला जास्त जपतो. शेतातून ट्रॅक्टर डांबरीवर चढतो तिथला चिखल, गटारीची लोखंडी झाकणं, झेब्रा क्रॉसिंगचे रंगवलेले पट्टे, हेही तसेच.

आकड्यात सांगतो. कोरड्या डांबरावर घर्षणांक (पकड किती हे सांगणारा आकडा) साधारण 0.7 धरला तर ताशी 50 किमी वेगानं जाणारी गाडी ब्रेक लागल्यावर 14 मीटरमध्ये थांबते. ओल्यावर 0.4 धरला तर 25 मीटर लागतात. वेग दुप्पट केला तर हे अंतर चौपट होतं. ब्रेक दाबायला आपल्याला लागलेला वेळ यात धरलेला नाही. एक सेकंद गेला तरी आणखी 14 मीटर.

आता वळणाचं. टायरची पकड एका वेळी ठरावीकच असते. सरळ जाताना ती सगळी ब्रेकला मिळते. वळताना गाडीला आत ओढून धरण्यातच तिचा बराच भाग जातो, उरलेल्यात ब्रेकला भागवावं लागतं. पन्हाळ्याच्या चढणीवरून उतरताना, रस्ता ओला असताना, मी वळणात पुढचा ब्रेक आवळला होता. हँडल एकदम हलकं झालं, जणू चाक खाली नाहीच. पुढच्या क्षणी मी गुडघ्यावर होतो. ते हलकं होणं म्हणजे पकड सुटल्याची खूण. चाक फिरत असतं तेव्हा टायरचा जमिनीला टेकलेला भाग क्षणभर स्थिर असतो, म्हणजे तिथं स्थितिक घर्षण काम करतं. चाक जॅम झालं की टायर घासत जातो, मग मिळतं ते गतिक घर्षण, आणि ते कमी असतं. पुढचं चाक जॅम झालं तर हँडल कुठंही वळवा, गाडी तिकडं जात नाही. एबीएस ही ब्रेकमधली यंत्रणा चाक जॅम होऊ देत नाही ते यासाठीच.

म्हणून वेग वळणाआधी, गाडी सरळ असतानाच कमी करा. दोन्ही ब्रेक वापरा, पण झटक्यात न आवळता दाब हळूहळू वाढवत न्या. ब्रेक लागला की वजन पुढं येतं, त्यामुळं पुढच्या चाकाला पकड जास्त मिळते, फक्त मागच्यावर विसंबू नका. घाटात उताराला गिअर खालचा ठेवा. चेनला ऑइल मारताना ब्रेकच्या डिस्कवर थेंब जाऊ देऊ नका. आणि तुमचे ब्रेक शू नवे आहेत, पण टायर किती जुने ते लिहिलं नाही. खाचा झिजल्या असतील तर टायरखालचं पाणी बाहेर पडायला वाट उरत नाही. आधी ते बघून घ्या.