आधी स्टूल शोधा

(प्रश्न सिस्टरांचे, उत्तरं एका निवृत्त सिस्टर ट्यूटरची. या वेळी आलेल्या पत्रांतली निम्मी हृदयाची आणि सीपीआरची, म्हणजे हृदय थांबल्यावर छाती दाबून श्वास देण्याची निघाली, म्हणून सगळी जागा त्यांनाच.)

प्रश्न : जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) होऊन तीन वर्षं झाली. तालुक्याच्या गावी ३० खाटांच्या खासगी दवाखान्यात रात्रपाळीला असते. गेल्या महिन्यात पहाटे तीनला ८ नंबरच्या आजोबांना आचके येऊ लागले. श्वास चालू आहे असं वाटलं म्हणून ऑक्सिजन लावला, बीपी बघितलं, ते लागेना म्हणून परत बघितलं, मग डॉक्टरांना फोन केला. ते येईपर्यंत सगळं संपलं होतं. बीएलएसचं (सीपीआरच्या प्राथमिक कोर्सचं) कार्ड माझ्या पर्समध्येच होतं. मी चुकले का? — एक सिस्टर, सोलापूर जिल्हा

उत्तर : तुझं पत्र दोनदा वाचलं गं. 'तुझी काही चूक नाही' असं लिहून मोकळी झाले असते, पण मग पुढच्या वेळीही तू बीपीच बघत बसशील. वेळ गेला, हे खरं आहे. तो कशात गेला ते बघू.

पहिला गेला त्या आचक्यांत. हृदय थांबल्यावर काही जण थोडा वेळ तोंड वासून मधूनच हवा ओढतात, घशात घरघरतं. पाण्याबाहेर काढलेल्या मासोळीसारखं. तो श्वास नव्हे. हाक मारून, खांदे हलवून माणूस ओ देत नाही आणि श्वास असा आहे, एवढं दिसलं की मदतीला ओरडायचं आणि मानेची नाडी बघायची. ती दहा सेकंदांत नक्की लागली नाही तर नाही असं धरायचं आणि छातीवर हात ठेवायचे. बीपीच्या मशिनीला तिथं काही काम नाही.

हे मी शहाणपणानं सांगत नाहीये. १९८८ साली, नोकरीला दीड वर्ष झालं असताना, पुरुषांच्या मेडिकल वॉर्डात पन्नाशीचे एक एसटी कंडक्टर माझ्यासमोर असेच गेले. मीही बीपीचं मशीन आणायलाच पळाले होते. हातात काहीतरी धरलं की आपण काहीतरी करतोय असं वाटतं ना, तसं. आमच्या इन्चार्ज सिस्टर जेमतेम पावणेपाच फूट. त्या आल्या, चपला काढल्या आणि थेट पलंगावर गुडघे टेकून दाबायला लागल्या. पेशंट वाचला नाही. मला त्या एक शब्द बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र सुताराकडून एक लाकडी स्टूल करून घेतलं, त्यावर ऑइलपेंटनं 'हलवू नये' लिहिलं आणि भिंतीशी ठेवलं. मामांनी एकदा पंखा पुसायला ते नेलं, तर अख्ख्या वॉर्डासमोर त्यांची कानउघाडणी झाली.

त्या स्टुलाचं कारण मला पुष्कळ उशिरा उमगलं. दाब हातांचा नसतो, कमरेवरच्या अख्ख्या शरीराचा असतो. कोपरं ताठ, खांदे थेट पेशंटच्या छातीवर. दवाखान्यातल्या उंच पलंगाशी जमिनीवर उभं राहून आपल्यासारख्यांना ते जमत नाही. कोपरं वाकतात आणि छाती इंचभरसुद्धा खाली जात नाही. जायला हवी ५ ते ६ सेंटीमीटर, म्हणजे साधारण आपल्या करंगळीएवढी. आणि दर वेळी पूर्ण वर येऊ द्यायची, नाहीतर हृदयात रक्त भरणार कधी? पाठीखाली फळी सारायची. हवेची गादी असेल तर तिची हवा सोडायची, पण हे सगळं हात न थांबवता.

वेग मिनिटाला १०० ते १२०. ३० दाब, मग अंबू बॅगनं (हातानं दाबून श्वास द्यायच्या फुग्यानं) २ श्वास. इथं माझी एक खासगी युक्ती : मराठीत तीसपर्यंत मोजू नका. 'सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस' म्हणता म्हणता हात रेंगाळतो. एक ते दहा तीनदा मोजा. दोन मिनिटांनी माणूस बदला, 'मी दमले नाही' म्हणणारीला आधी बदला.

तुझा दुसरा वेळ फोनमध्ये गेला. रात्री तू आणि मावशी, दोघीच असणार. मग फोन मावशीनं करायचा. डॉक्टरांचा नंबर मोठ्या आकड्यांत भिंतीवर हवा आणि बोलायचं वाक्य तिच्याकडून आधीच घोकून घ्यायचं : '८ नंबर, नाडी नाही, सिस्टर दाबतायत, या.' त्यानंतर तातडीच्या औषधांची ट्रॉली आणायची तिनंच. तू हात काढायचे नाहीत. सीपीआर सुरू करायला कुणाची ऑर्डर लागत नाही. नातेवाइकांशी बोलून डॉक्टरांनी 'सीपीआर नको' असं आधीच केसपेपरवर लिहिलं असेल तेवढंच वेगळं.

आणि कार्डाचं म्हणशील तर ते दोन वर्षं चालतं, हात मात्र काही महिन्यांतच विसरतात. तुझी चूक मी शोधली तर एवढीच सापडली, की कोर्सनंतर तू एकदाही सराव केला नाहीस. पण तुझ्या वॉर्डात तो कुणी घेतला होता का? महिन्यातून एकदा, ड्यूटी बदलताना, दहा मिनिटं. पुतळा नसेल तर पलंगावर उशी ठेवा. खोली उशीवर कळत नाही, पण कोण कुठं उभी राहणार, ट्रॉलीची किल्ली कुणाकडे आणि अंबू बॅगचा मास्क गायब आहे, हे सगळं कळतं. सुरुवात स्टूल शोधण्यापासून कर.

प्रश्न : आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात छातीत जळजळ, 'गॅस झालाय' म्हणत लोक येतात. कुणाला ॲसिडिटीची गोळी द्यायची आणि कुणाला थांबवायचं? जिभेखालची सॉर्बिट्रेट लगेच द्यावी का? — आरोग्यसेविका, नंदुरबार जिल्हा

उत्तर : गॅस हा निष्कर्ष ईसीजीनंतरचा, आधीचा नव्हे. आल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी निघाला पाहिजे. घाम फुटलाय, धाप लागलीय, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ जातेय, तर थांबवाच. मधुमेही माणसाला आणि बाईमाणसाला छातीत न दुखताही झटका येतो. 'सकाळपासून नुसतं गळून गेल्यासारखं होतंय' म्हणणाऱ्या साठीच्या बाईला मी कधी बाकावर बसवून ठेवत नाही.

ईसीजी काढताना छातीवरच्या पहिल्या दोन लीड (वायरी), व्ही-१ आणि व्ही-२, बहुतेक जणी फार वर चिकटवतात. गळ्याखालच्या खळग्यातून बोट खाली सरकवा, हाडावर आडवा उंचवटा लागेल. त्याच्या बाजूला दुसरी बरगडी. तिथून मोजत चौथ्या फटीत या. व्ही-१ उजवीकडे, व्ही-२ डावीकडे. लीड चुकली की डॉक्टरांच्या व्हॉट्सॲपवर फोटो चुकीचाच जातो.

ॲस्पिरिन ३०० किंवा ३२५ मिलिग्रॅम, चावून. ॲलर्जी आणि रक्तस्राव आधी विचारा. डॉक्टरांची लेखी स्थायी ऑर्डर केंद्रात लावलेली असेल तर फोन लागेपर्यंत अडून बसावं लागत नाही. नसेल तर या आठवड्यात मागून घ्या. सॉर्बिट्रेट, म्हणजे रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी, मात्र परस्पर देऊ नका. वरचं बीपी ९० च्या खाली असेल, झटका हृदयाच्या उजव्या बाजूचा असेल किंवा पेशंटनं लैंगिक ताकदीची गोळी घेतली असेल, तर त्या छोट्या गोळीनं बीपी धाडकन कोसळतं. ताकदीच्या गोळीबद्दल विचारायचं तर बायकोला बाहेर पाठवून विचारा, खरं उत्तर मिळतं.

१०८ च्या रुग्णवाहिकेला फोन करताना 'हार्ट अटॅक वाटतोय, एएलएस गाडी पाठवा' असं स्पष्ट म्हणा. एएलएस म्हणजे जास्त सोयींची गाडी, बीएलएस म्हणजे प्राथमिक सोयींची. २०१४ साली ही सेवा सुरू झाली तेव्हा राज्यातल्या ९३७ गाड्यांपैकी एएलएस २३३ होत्या, बाकीच्या बीएलएस. मागितल्याशिवाय आपल्या वाट्याला कुठली येईल सांगता येत नाही. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दुखायला लागल्यापासून १२ तासांपर्यंत देतात, पण त्यातला पहिला तास आणि अकरावा तास सारखे नसतात. म्हणून कळ कधी सुरू झाली ती वेळ घड्याळातली लिहा, 'सकाळी' असं नको.

प्रश्न : वय ५२. आता एसीएलएस (बीएलएसच्या पुढचा, औषधं आणि शॉक शिकवणारा कोर्स) करा म्हणतात. इंग्रजी कच्चं, ईसीजी येत नाही. आमच्या वेळी तर हृदय थांबलं की ॲड्रेनलिनबरोबर ॲट्रोपिनचं इंजेक्शन द्यायचो. — इन्चार्ज सिस्टर, सांगली

उत्तर : ताई, आपल्या पिढीला शिकण्यापेक्षा विसरणं अवघड जातं. मला आधी शिकवलं होतं, एकटी असशील तर १५ दाबांना २ श्वास, दोघी असाल तर ५ ला १. २००५ मध्ये ते ३० ला २ झालं. पाठोपाठ तीन शॉक द्यायचो, तो एकच झाला. २०१० मध्ये श्वासमार्ग मोकळा करण्याच्या आधी छाती दाबणं आलं, आणि थांबलेल्या हृदयासाठीचं ॲट्रोपिन त्याच वर्षी गेलं. मंद नाडीसाठी ते अजून आहे, ट्रॉलीतून फेकू नका.

ईसीजीला घाबरू नका. नाडी नसलेल्या माणसाच्या मॉनिटरवर चारच चित्रं ओळखायची आहेत. नुसती थरथर, किंवा रुंद करवतीसारखे भराभर दाते : या दोन्हींना शॉक. सरळ रेघ, किंवा चित्र बरं दिसतंय पण नाडी नाही : यांना शॉक नाही, दाबत राहा, ॲड्रेनलिन १ मिलिग्रॅम दर तीन ते पाच मिनिटांनी. सरळ रेघ दिसली की आधी लीड निघालीय का तेवढं बघा. माझ्या डोळ्यांदेखत एकदा सगळे जण एका निसटलेल्या वायरीला पाहून धावले होते आणि पेशंट उठून विचारत होते, काय झालं हो?

इंग्रजीचं म्हणाल तर ऑर्डर मोठ्यानं परत म्हणता आली की झालं. 'ॲड्रेनलिन एक दिलं, तीन वाजून दहा.' ऑर्डर ऐकली की नाही, याबद्दल मग कुणाला शंका राहत नाही.

प्रश्न : स्टेंट टाकलेले पेशंट घरी गेल्यावर रक्त पातळ करणारी गोळी बंद करतात. समजावून थकलो. — ब्रदर, नाशिक

उत्तर : समजावणं थांबवा, विचारायला लागा. डिस्चार्जच्या वेळी गोळी हातात देऊन म्हणा, 'काका, ही कशासाठी आणि कधी बंद करायची, मला सांगा.' 'बरं वाटलं की' असं आलं तर पुन्हा पहिल्यापासून. उपवासाला गोळी चालते, आणि दात काढायला जाताना ती बंद करायची की नाही हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारायचं, ही दोन वाक्यं मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून द्या. आणि सूनबाईंना समोर बसवा. डबा त्या भरतात, गोळ्याही बहुधा त्याच देतात.

प्रश्न : शॉक देताना मंगळसूत्र काढायचं का? नातेवाईक हात लावू देत नाहीत. — विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : काढत बसू नकोस. पॅडखाली येऊ नये एवढंच. उचलून मानेशी सरकव. छाती ओली असेल तर पुसून घे, औषधाची पट्टी चिकटवलेली असेल तर ती ओढून काढ. ऑक्सिजनची नळी बाजूला कर, 'सगळे लांब' म्हणून ओरड, आणि नातेवाइकांपैकी कुणी पायाला हात लावून उभं नाही ना, ते बघ. असतंच कुणीतरी.