वेळ मागणीपत्रात जातो

प्रश्न असा आहे की केंद्रातलं प्रत्येक खातं आपापली खरेदी करतं, त्याऐवजी सगळ्यांसाठी एकच मध्यवर्ती यंत्रणा ठेवली तर वेळ आणि पैसा वाचेल का. केंद्राच्या एका खात्यात बरीच वर्षं खरेदीचं टेबल सांभाळलंय, त्यावरून सांगतो.

अशी यंत्रणा आपल्याकडे होती. डीजीएसअँडडी, म्हणजे केंद्राचं पुरवठा आणि विल्हेवाट महासंचालनालय, दरकरार करायची, म्हणजे वस्तूंचे दर पुरवठादारांशी आधीच ठरवून ठेवायची, आणि खाती त्या दराने पुरवठा आदेश काढायची. 31 ऑक्टोबर 2017 ला ती बंद झाली. त्याआधीच, ऑगस्ट 2016 मध्ये, जेम पोर्टल, म्हणजे सरकारी खरेदीची ऑनलाइन बाजारपेठ, सुरू झालं होतं. 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांतला नियम 149 सांगतो की जेमवर जे मिळतं ते तिथूनच घ्यायचं. त्यामुळे निविदेचा टप्पा आता बराच आटोपशीर झालाय. दिवस जातात ते त्याच्या आधी आणि नंतर.

आमच्याकडे एकदा यूपीएसचं मागणीपत्र आलं. स्पेसिफिकेशन जुन्या पुरवठा आदेशावरून जसंच्या तसं उतरवलेलं, त्यात बॅटरीचं वजन आणि कॅबिनेटची मापं मिलिमीटरमध्ये. ते मॉडेल बाजारातून कधीच गेलेलं. एकही बोली आली नाही. मुदतवाढ, शुद्धिपत्रक, अटी सैल केल्या, तेव्हा एक बोली आली. लगेच फाइलवर शेरा: 'एकच बोली, फेरनिविदा करावी.' यात चार महिने गेले. लिहायला हवं होतं एवढंच: लोड किती, बॅकअप किती मिनिटं, वॉरंटी किती वर्षं.

आणि तो शेराही घाबरून मारलेला होता. वित्त मंत्रालयाच्या खरेदी मॅन्युअलप्रमाणे प्रसिद्धी पुरेशी झाली असेल, अटी अवाजवी जाचक नसतील आणि दर रास्त असेल, तर एकच बोलीही ग्राह्य धरता येते. या तीन गोष्टी टिपणीत चार ओळींत कारणांसह लिहा. ऑडिटला उत्तर देताना त्याच ओळी कामी येतात. मी त्यावर निभावलंय.

नंतरचा टप्पा पैशाचा. माल गोदामात पडून असतो आणि तपासणारा अधिकारी दौऱ्यावर. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यायचे, असा 2006 चा कायदा आहे. तो पाळला नाही तर पुढच्या वेळी पुरवठादार उशीर धरूनच दर भरतो, हे मी अनेकदा पाहिलंय. आपल्याला वाटतं एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी दर, मिळाला, पण तो एल-वनच चढा असतो.

मार्चमधली धावपळही याच साखळीतली. त्या एका महिन्यात अंदाजपत्रकाच्या 15 टक्क्यांपेक्षा जास्त खर्च करू नये, अशा वित्त मंत्रालयाच्या सूचना आहेत, तरी मागणीपत्रं जानेवारीत येतात. शाखांकडून वार्षिक खरेदी आराखडा एप्रिलमध्येच घ्या.

सुरुवात करायची तर गेल्या वर्षीच्या दहा फाइली काढा आणि सह्यांखालच्या तारखांवरून प्रत्येक फाइल कुठल्या टेबलावर किती दिवस थांबली ते मांडा. तो कागद घेऊनच वरिष्ठांकडे जा.