गोधडीआधी छप्पर

प्रश्न : २०२५ च्या पावसाळ्यात हिमाचल प्रदेशात घरे गमावलेल्या कुटुंबांसाठी आमच्या महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी जुने गरम कपडे गोळा करणार आहेत. थंडीत ही मदत खरोखर उपयोगी पडेल का? – एक प्राध्यापिका, नाशिक

उत्तर : विद्यार्थ्यांची तळमळ मोलाची आहे, मात्र कामाला लागण्यापूर्वी ८ ऑक्टोबर २००५ च्या काश्मीर भूकंपानंतर काय घडले, ते त्यांना अवश्य सांगा. मुझफ्फराबादपासून आपल्याकडील उरी-तंगधारपर्यंत लाखो लोक उघड्यावर आले आणि थंडी तर तोंडावर होती. तंबू पुष्कळ आले, पण त्यांतील बहुतेक डोंगरातल्या थंडीसाठी बनवलेलेच नव्हते; जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला पडून राहिले. तेव्हा मदतकार्यातील यंत्रणांनी आणि स्वयंसेवकांनी एकाच गोष्टीचा ध्यास घेतला : बर्फ पडण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाला निदान एक कोरडी, उबदार खोली मिळाली पाहिजे. पडलेल्या घरांच्या ढिगाऱ्यातून वासे काढून सांगाडे उभे राहिले आणि त्यांवर पन्हाळी पत्रे ठोकले गेले. थंडीमुळे मृत्यूंची दुसरी लाट येईल, ही भीती खरी ठरली नाही. तो हिवाळा तुलनेने सौम्य गेला हे खरे, तरी माझ्या मते या खोल्यांचा त्यात मोठा वाटा होता.

कपड्यांपेक्षा अंथरुणाचा विचार आधी करावा, असे मी आग्रहाने सांगेन. ओलसर जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंगातील ऊब खालून निघून जाते आणि अंगाखाली दबलेली गोधडी ती फारशी अडवू शकत नाही. म्हणून खाली प्लॅस्टिकचा कागद, त्यावर जाड फोमची चटई आणि मग घोंगडी, असा थर हवा. ऊब धरण्यासाठी बंद तंबूत कोळशाची शेगडी ठेवून झोपणे जिवावर बेतते, कारण कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. ही सूचना मदतीच्या प्रत्येक गाठोड्यासोबत हिंदीत लिहून पाठवा.

आधी तेथील पंचायतीशी किंवा गावात काम करणाऱ्या संस्थेशी बोलून नेमकी गरज विचारा. कपडे मागितलेच, तर धुतलेले स्वेटर, कानटोप्या आणि लोकरी मोजे मापाप्रमाणे वेगळे बांधा. पातळ साड्या आणि सुती शर्ट काढून टाका. ट्रकच्या भाड्यात जाणाऱ्या पैशांत तेथील बाजारात रजया मिळत असतील, तर पैसेच पाठवावेत. विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष जायचे असेल, तर पत्रे ठोकणारे एक-दोन अनुभवी सुतार सोबत न्या आणि रस्ते बर्फाने बंद होण्यापूर्वी काम उरकेल, अशा बेताने निघा.